कमी खर्चात प्रस्तरारोहण शिकायचंय? पैसा कुठे वाचवायचा अन् कुठे अजिबात वाचवायचा नाही

अकोले, जुन्नर, इगतपुरी, मुरबाड या पट्ट्यातल्या गावांना कडा काही नवा नाही. शेळ्या वळताना, मध काढताना, रानमेवा गोळा करताना इथली माणसं पिढ्यान् पिढ्या कातळ चढत-उतरत आली आहेत. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची मंडळी त्याच कातळावर रंगीत दोर, हार्नेस अन् हेल्मेट लावून चढू लागली, की गावातल्या पोरांच्या मनात दोन प्रश्न हमखास येतात. हे आपल्याला जमेल का? आणि याला पैसा किती लागतो?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. डोंगराळ गावात वाढलेल्या पोराला तोल, पायाची पकड आणि उंचीची सवय हे तिन्ही शहरातल्या नवख्यापेक्षा जास्तच असतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आदिवासी आश्रमशाळांच्या ५ विद्यार्थ्यांनी मे २०१८ मध्ये ‘मिशन शौर्य’मधून एव्हरेस्ट गाठलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जरा नीट समजून घ्यावं लागतं. सुरुवात जवळजवळ फुकटात होते. पण पाय जमिनीपासून डोक्याइतक्या उंचीच्या वर गेले, की काही वस्तूंना स्वस्तातला पर्याय उरत नाही. नेमकी इथेच गल्लत होते. महागडे बूट घेतले जातात आणि दोर मात्र हार्डवेअरच्या दुकानातून येतो.

ट्रेकिंग वेगळं, रॅपलिंग वेगळं

डोंगरवाटेने चालत जाणं म्हणजे ट्रेकिंग. दोराला धरून कड्यावरून खाली उतरणं म्हणजे रॅपलिंग. हाता-पायांच्या बळावर कातळ चढणं म्हणजे प्रस्तरारोहण. यात दोर चढण्यासाठी नसतो, पडलंच तर झेलण्यासाठी असतो. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं निम्मं समजतं. दोराला लोंबकळून वर जाणारा माणूस प्रस्तरारोहण करत नाही, तो दोरावर चढतो.

साम्रदच्या सांदण दरीत रॅपलिंग केलेली पोरं गावोगाव भेटतात. त्यांनी दोर, हार्नेस पाहिलेला असतो, हा फायदाच. पण उतरण्याचं तंत्र आलं म्हणजे चढणाऱ्याला सांभाळण्याचं तंत्र आलं असं होत नाही.

आपला कातळ कसा आहे

सह्याद्रीचा दगड म्हणजे बेसॉल्ट, आपला काळा पाषाण. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून तो तयार झाला. म्हणून आपले कडे पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात: एक उभा टप्पा, मग गवताची पट्टी, परत उभा टप्पा. काही थर लोखंडासारखे टणक असतात, तर मधले थर हाताने उकरावेत असे मऊ.

याचा चढणाऱ्याच्या दृष्टीने अर्थ एवढाच, की हाताला आलेली प्रत्येक खोबण पक्की नसते. आधी मुठीने ठोकून बघायचं. बद्द, पोकळ आवाज आला तर ती पकड सोडून द्यायची. शंका असेल तिथे दगड खाली दाबायचा, बाहेर ओढायचा नाही. सुटा दगड बाहेरच्या ओढीने निघतो, खालच्या दाबाने बहुतेकदा जागेवर राहतो. गवताचा झुबका धरून चढायची सवय गावाकडे असते, ती इथे मोडावी लागते. डिसेंबरात वाळलेलं गवत मुळासकट हातात येतं.

कर्नाटकात बदामीला वालुकाश्म आहे आणि हंपीला ग्रॅनाइटचे गोटे. तिथला दगड एकसंध असल्याने देशभरातले चढणारे तिकडे जातात. आपल्याकडे दगड ओळखणं हीच अर्धी विद्या.

पहिले तीन महिने: खर्च नाहीच्या बरोबर

सुरुवात करायची ती दोराशिवाय, आणि जमिनीलगत. गावाच्या शिवारात, ओढ्याकाठी, माळावर मोठे धोंडे असतातच. त्यांच्यावर चढण्याच्या प्रकाराला बोल्डरिंग म्हणतात आणि जगभरात तो स्वतंत्र खेळ आहे. आपल्यासाठी तो शाळेसारखा.

धोंडा निवडताना वर काय आहे त्यापेक्षा खाली काय आहे ते आधी बघायचं. खालची जागा सपाट हवी. टोकदार दगड, खुंट, काच वेचून काढायची. घरातली जुनी कापसाची गादी किंवा दोन-तीन गोधड्या घालून ठेवल्या तरी घोटा वाचतो. मात्र तेवढ्यावर विसंबून उंच जायचं नाही. पाय स्वतःच्या डोक्याच्या उंचीपेक्षा वर नेऊ नयेत, हा साधा नियम. एक साथीदार मागे हात पुढे करून उभा हवा. त्याचं काम पडणाऱ्याला झेलणं नसतं. पडणाऱ्याचं डोकं आणि पाठ दगडावर आपटू न देता त्याला पायांवर उतरवणं, एवढंच त्याने करायचं. उडी मारताना गुडघे वाकवून दोन्ही पायांवर यायचं, हात मागे टेकवायचे नाहीत. मनगट मोडतं ते तिथेच.

वर जाण्यापेक्षा आडवं जाण्याचा सराव जास्त कामाचा. जमिनीपासून दोन फुटांवर राहून धोंड्याला डावीकडून उजवीकडे फेरी मारायची, परत उलटी. पडलं तरी काही होत नाही, त्यामुळे मन पायांवर राहतं. नवखा माणूस हातांनी ओढून चढतो आणि दहा मिनिटांत त्याचे पंजे फुगून निकामी होतात. मुरलेला माणूस पायांनी चढतो, हात फक्त तोल राखतात. पाय ठेवताना नजर पायावर, आणि एका वेळी एकच हात किंवा एकच पाय हलवायचा. बाकीचे तीन टेकलेले. जिथून वर गेलं तिथूनच उतरता आलं पाहिजे. शेळीमागे वर गेलेली पोरं अडकतात ती उतरताना, हे गावाला सांगायची गरज नाही.

व्यायामासाठी जिम लागत नाही. तालमीत मल्लखांब असेल तर सोन्याहून पिवळं. दोरीच्या मल्लखांबाने पकड, पोट आणि खांदे एकाच वेळी तयार होतात. ते नसेल तर आंब्याची मजबूत फांदी, दंड, बैठका, सूर्यनमस्कार. एक धोका मात्र लक्षात घ्यावा: स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, बोटांचे कंडरे तयार व्हायला कितीतरी महिने लागतात. म्हणून पहिल्या वर्षी बोटांच्या टोकांवर लोंबकळण्याचे, मोबाईलवर दिसणारे व्यायाम करू नयेत. बोट दुखलं तर पूर्ण आराम.

बूट? या काळात पातळ, घट्ट बसणारा, रबरी तळाचा कॅनव्हासचा बूट पुरतो. अनवाणीही चालतं. घामाला लागते ती जिम्नॅस्टवाली चॉक पावडर, म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट; क्रीडासाहित्याच्या दुकानात तिची वडी शे-दोनशेच्या आसपास मिळते. शाळेतला खडू कुटून लावणारे आहेत, त्याने हात उलट निसटतो.

किल्ल्याची तटबंदी, लेणी आणि मंदिरांचे दगड यावर सराव करायचा नाही. ते संरक्षित असतात, आणि नसले तरी गावाचं दैवत तिथं असतं. विहिरीच्या कठड्याचा तर विचारही नको.

दोर: इथे पैसा वाचवायचा नाही

आता मुख्य गोष्ट. गावात दोर सगळ्यांच्या ओळखीचा. कासरा, दावं, विहिरीचा नाडा, ट्रॅक्टरवर कडबा बांधायचा पिवळा-निळा प्लास्टिकचा दोर. यातला कुठलाही दोर म्हशीला धरून ठेवतो, मग माणसाला का नाही, असा सवाल येतोच.

उत्तर ताकदीत नाही, झटक्यात आहे. समजा ७० किलोचा माणूस २ मीटर खाली पडला आणि ताण न घेणाऱ्या दोराने त्याला २० सेंटीमीटरच्या आत थांबवलं. तर त्याच्या कमरेवर आणि वर ज्या दगडाला किंवा झाडाला दोर बांधलाय त्यावर साधारण ७७० किलोचा सरासरी झटका बसतो. प्रत्यक्षात एखाद्या क्षणी त्याहून जास्त. तोच माणूस, तेवढाच पडला, पण दोराने ताणून त्याला १ मीटरमध्ये हळूहळू थांबवलं, तर तोच आकडा २१० किलोच्या आसपास येतो. दोर तुटला नाही तरी पहिल्या झटक्याने बरगड्या, कणा आणि वरची मेख यांपैकी काहीतरी जातं.

म्हणून चढाईचा दोर रबरासारखा थोडा ताणला जाईल असा बनवतात. त्याला डायनॅमिक दोर म्हणतात. आत नायलॉनच्या पेडांचा गाभा, वर विणलेलं आवरण. जाडी साधारण साडेनऊ ते साडेदहा मिलीमीटर, लांबी बहुतेक ६० मीटर. खरेदी करताना दोराच्या टोकावरची पट्टी वाचायची. तिथे वर्तुळात १ हा आकडा आणि ईएन ८९२ किंवा यूआयएए ही खूण हवी. वर्तुळातला १ म्हणजे हा दोर एकटा वापरायला चालतो.

रॅपलिंगचा दोर वेगळा. तो स्टॅटिक, म्हणजे फारसा न ताणणारा, ईएन १८९१ खुणेचा. उतरायला, सामान ओढायला तो उत्तम. पण दोर बरोबर घेऊन खालून वर चढणाऱ्या पुढच्या माणसासाठी तो वापरला तर वरचा हिशोब पुन्हा लागू होतो. रॅपलिंगच्या कार्यक्रमातून उरलेला दोर कोणी स्वस्तात देऊ केला, तर आधी हे विचारायचं.

प्लास्टिकच्या दोराची आणखी एक खोड आहे. तो पॉलिप्रॉपिलीनचा असतो आणि साधारण १६० अंशांवर वितळतो. दोरावर दोर घासला किंवा झपकन घसरत खाली आलं की घर्षणाने एवढी उष्णता सहज होते. शिवाय उन्हात दोन उन्हाळे काढलेला असा दोर वरून धडधाकट दिसतो आणि आतून भुगा झालेला असतो.

चांगला दोर घेतला तरी सांभाळायचा कसा, हे गावातल्या घराच्या हिशोबाने सांगायला हवं, कारण दुकानदार ते सांगत नाही. युरियाच्या गोण्या, फवारणीचा पंप, ट्रॅक्टरची बॅटरी ठेवतात त्या खोलीत दोर कधीच ठेवायचा नाही. बॅटरीच्या तेजाबाचा नुसता वास लागलेला दोरही बाद समजावा, कारण तेजाबाने जळालेलं नायलॉन डोळ्याला दिसत नाही. उंदीर-घुशींपासून लांब, सुती पिशवीत, आढ्याला टांगून ठेवलेला बरा. मातीने मळला तर साध्या पाण्यात धुवायचा, सोडा किंवा निरमा नको. वाळवायचा सावलीत. दोरावर पाय देणं हे चढणाऱ्यांत शिवी दिल्यासारखं मानतात. त्यामागे कारण आहे: मातीतले बारीक खडे आत शिरून पेड कापत राहतात.

कड्याच्या धारेवर दोर घासतो तिथे खाली दुमडलेलं बारदान किंवा जुन्या जीन्सचा तुकडा घालायचा. दहा रुपयांची ही वस्तू दहा हजारांचा दोर वाचवते, माणूस वाचवते ते वेगळंच. आणि एक वही ठेवायची: दोर कधी घेतला, कितीदा वापरला, कोण किती उंचीवरून पडलं. दोर बोटांतून सरकवताना मध्येच मऊ, चपटा किंवा जाड लागला, किंवा आवरण फाटून आतला पांढरा गाभा दिसला, तर तो दोर त्या दिवसापासून गुरं बांधायला.

बाकीचं सामान आणि त्याचे भाव

भाव ब्रँड, दुकान आणि हंगामाप्रमाणे बदलतात. खालचे आकडे अंदाज येण्यापुरते.

हार्नेस ३ ते ५ हजार. कमरेला नुसता दोर गुंडाळून चढण्याची जुनी पद्धत होती. पण तसं लटकलं की दोर बरगडीखाली रुततो आणि काही मिनिटांत श्वास घेणं अवघड होतं. हार्नेस वजन मांड्यांवर वाटून देतो. हेल्मेट अडीच ते ४ हजार. मोटारसायकलचं हेल्मेट जड असतं, मान वर होत नाही आणि वरून मारलेली हाक ऐकू येत नाही. बांधकामावरची पिवळी टोपी हनुवटीच्या पट्ट्याशिवाय पहिल्याच धडकेत उडते. दगड सुटणाऱ्या आपल्या कड्यांवर खाली उभ्या माणसालाही हेल्मेट हवंच.

दोर धरायचं साधं उपकरण, म्हणजे बिले डिव्हाइस, आणि स्क्रूचा कॅराबिनर मिळून दोन ते तीन हजार. कॅराबिनरच्या अंगावर कोरलेला आकडा वाचायचा. २२ केएन म्हणजे लांबीच्या दिशेने साधारण २२०० किलोचा भार तो पेलतो. तोच कॅराबिनर तोंड उघडं राहिलं तर जेमतेम ७०० किलोवर येतो, म्हणून स्क्रू लावला की नाही हे दर वेळी दोनदा बघायचं. जत्रेत, मोबाईलच्या दुकानात किल्ल्या अडकवायला मिळणारे रंगीत हूक दिसायला हुबेहूब तसेच असतात. त्यांना माणूस अडकवायचा नाही.

चढाईचे खास बूट ४ ते ७ हजार. हे सगळ्यात शेवटी घ्यावेत. सहा महिने टिकून राहिलं तर.

एकट्याचा हिशोब १२ ते १९ हजारांपर्यंत जातो, दोराचे १० ते १५ हजार वेगळे. आकडा मोठा वाटतो, पण पाच-सहा जणांनी मिळून केलं तर गणित बदलतं. दोर एक, बिले डिव्हाइस दोन, हार्नेस दोन, हेल्मेट तीन-चार. एका वेळी एक चढतो, एक धरतो. वर्गणी काढून गणपती बसवणाऱ्या मंडळाला हे जड नाही. मुलींनाही लगेच सामील करून घेता येतं, फक्त हार्नेस मापाचा, कमरेच्या हाडावर घट्ट बसणारा हवा.

जुनं सामान घ्यावं का? बूट, चॉकची पिशवी खुशाल घ्यावी. दोर, हार्नेस आणि हेल्मेट, म्हणजे ज्यांचा इतिहास डोळ्याला दिसत नाही त्या वस्तू, अनोळखी माणसाकडून फुकट मिळाल्या तरी नकोत. हार्नेसची शिवण उसवली तर चांभाराकडून शिवून घेऊ नये, कितीही पक्का टाका घातला तरी.

शिकायचं कुठे

गाठ, बिले, अँकर या तीन गोष्टी व्हिडिओ बघून शिकायच्या नाहीत. व्हिडिओत चूक दाखवणारं कोणी नसतं.

महाराष्ट्रात गिर्यारोहण संस्थांची जुनी परंपरा आहे. मुंबईची गिरिविहार १९५४ पासून आहे, पुण्याची गिरिप्रेमी १९८२ पासून. मुलुंडचे चक्रम हायकर्स, नाशिकची वैनतेय अशा संस्थाही आहेत. अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघ ही त्यांची शिखर संघटना. अशा संस्था हिवाळ्यात सुरुवातीची प्रशिक्षण शिबिरं घेतात. तिथे दोर-हार्नेस त्यांचेच असतात, म्हणजे सामान घेण्याआधी शिकून घेता येतं. पुण्यात शिवाजीनगरला कृत्रिम भिंतही आहे. टोकियो ऑलिम्पिकपासून भिंतीवरची चढाई ऑलिम्पिकमध्ये आल्याने शाळकरी मुलांसाठी तो वेगळा रस्ता उघडला आहे.

मोबाईलवर जाहिरात करून कार्यक्रम घेणारे बरेच आहेत. चांगला कोण हे ओळखायला तीन-चार प्रश्न पुरतात. प्रशिक्षकाने स्वतः कुठून प्रशिक्षण घेतलं? एका प्रशिक्षकामागे किती जण? दोर किती जुना आहे? अपघात झाला तर खाली न्यायची तयारी काय? यावर जो चिडेल त्याच्याकडे जायचं नाही.

शिबिरातून परतताना निदान एवढं हाताला आलं पाहिजे. आठाच्या आकड्याची गाठ अंधारातही बांधता यावी, आणि चढण्याआधी दोघांनी एकमेकांची गाठ, बकल, स्क्रू हात लावून तपासायची सवय लागावी. दोर धरणाऱ्याचा ब्रेकचा हात कोणत्याही कारणाने दोरावरून सुटू नये, फोन वाजला, माशी बसली, काहीही झालं तरी. नवख्यांनी वरून दोर लावूनच चढावं. त्याला टॉप रोप म्हणतात. त्यात दोर सतत ताठ असल्याने पडणं वीतभर-हातभराचंच असतं. दोर बरोबर नेत पुढे चढण्याची घाई पहिल्या वर्षी नको.

वरचा अँकर म्हणजे दोर बांधायची जागा. ती कधीही एक नको, दोन हव्यात, एकमेकींवर न विसंबणाऱ्या. झाड असेल तर जिवंत, मांडीपेक्षा जाड आणि धारेपासून आत. कातळात आधीच ठोकलेली गंजकी मेख दिसली तर ती कोणी, कधी ठोकली हे माहीत नसल्याने तिच्यावर जीव टांगायचा नाही. दोन बिंदूंतून येणाऱ्या पट्ट्यांमधला कोन ६० अंशांच्या आत ठेवायचा. भरलेली घागर दोरीला मध्ये अडकवून दोघांनी दोन टोकं धरली, तर जितकं लांब उभं राहावं तितकी ओढ वाढते. तसंच हे. १२० अंशांवर प्रत्येक बिंदूवर पूर्ण वजन येतं, मग दोन बिंदू घेऊन उपयोग काय?

रॅपलिंग करतानाही दोराच्या दोन्ही टोकांना गाठ मारायची, म्हणजे दोर संपला तरी माणूस टोकावरून निसटत नाही. प्रुसिक गाठीचा पूरक बंध लावायचा. ओढणी, मोकळे केस, शर्टाचं टोक आत खोचायचं. उपकरणात अडकलं तर मध्येच टांगून राहावं लागतं.

आग्या मोहोळ, शेवाळ आणि फुरसं

आपल्या कड्यांवरचा सगळ्यात मोठा शत्रू उंची नाही, आग्या मोहोळ आहे. कड्याच्या पोटात, खाली झुकलेल्या कातळाखाली ही मोहोळं लागतात. चढाईआधी खालून नीट नजर फिरवायची, आणि गावातल्या जुन्या माणसाला विचारायचं. कुठल्या कड्याला कधी मोहोळ असतं हे त्याला तोंडपाठ असतं. अत्तर, सेंट, सुवासिक तेल लावून जायचं नाही. खाली शेकोटी, विडी, फटाके, स्पीकर नाही. माश्या घोंघावायला लागल्या तर हात न झाडता निघायचं. दोरावर अडकलेला माणूस पळू शकत नाही, म्हणून मोहोळ दिसलेला मार्ग त्या दिवसापुरता बंद.

पावसाळ्यात कातळावर शेवाळ असतं, तेव्हा चढाई नाही. दिवाळीनंतर दगड वाळतो, डिसेंबर-जानेवारी उत्तम, होळीनंतर सकाळी दहाच्या आत उरकावं. कपारीत हात घालण्याआधी डोकावून बघायचं, फुरसं आणि विंचू तिथेच असतात. दगड सुटला तर लाजायचं नाही, जोरात ‘दगड’ म्हणून ओरडायचं. खालच्याने वर बघायचं नाही, कड्याला चिकटायचं.

परवानगी, आणि गावाचा रोजगार

बहुतेक कडे वनखात्याच्या हद्दीत येतात आणि किल्ले पुरातत्त्व खात्याच्या. सरावाआधी वनरक्षकाला आणि ग्रामपंचायतीला सांगून ठेवावं. संरक्षित वास्तूत मेखा ठोकणं, छिद्रं पाडणं हा गुन्हा आहे.

अलंग-मदनचा कातळटप्पा असो की जीवधनशेजारचा वानरलिंगी सुळका, बाहेरच्या लोकांना नेताना पायथ्याच्या गावातले तरुण सोबत असतात. मजुरी मात्र बऱ्याचदा ओझं वाहण्याची मिळते. दोर लावणारा बाहेरून येतो आणि खरी कमाई त्याची. प्रशिक्षण घेतलेला गावचा तरुण ही जागा घेऊ शकतो. कातळ, पाणी, मोहोळ, परतीची वाट हे त्याला आधीच माहीत असतं. पैसे घेऊन पर्यटकांना नेणाऱ्यांसाठी राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ पासून आहे आणि त्यानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. प्रशिक्षित माणसं, योग्य साहित्य आणि विमा यांची विचारणा होते. नोंदणीशिवाय, बाजारातल्या दोरावर पाचशे रुपयांत लोकांना उतरवणाऱ्याचं एकदा काही बरं-वाईट झालं, की गुन्हा त्याच्या नावावर पडतो, आयोजक नामानिराळा.

अपघात झालाच तर

पहिल्यांदा स्वतः सुरक्षित व्हायचं, मग दुसऱ्याकडे बघायचं. दोरावर बेशुद्ध लटकलेल्या माणसाला जास्त वेळ तसं ठेवणं जिवावर बेततं. त्याला अलगद खाली घेण्याचा प्रयत्न आधी. उंचावरून पडलेल्याला बसवायचं, उचलायचं, पाणी पाजायचं नाही. मान आणि पाठ हलू द्यायची नाही. १०८ किंवा ११२ ला फोन लावताना गावाचं नाव, तालुका, कड्याची कुठली बाजू, गाडी कुठपर्यंत येते आणि तिथून पायी किती वेळ, एवढं आधी सांगायचं. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या बचाव पथकांना पोलिसांमार्फत बोलावता येतं. ते पोहोचायला तास लागतात, म्हणून जवळच्या गावातून डोलीसाठी बांबू, घोंगड्या आणि आठ-दहा माणसं लगेच मागवावीत. बऱ्याच कड्यांखाली मोबाईलची रेंज नसते. जाण्याआधी घरी एका कागदावर ठिकाण, सोबत कोण आणि परतायची वेळ लिहून ठेवावी, आणि त्या वेळेनंतर दोन तासांत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं त्याचा नंबरही.